तुपातले छर्रे

अण्णांचा उजवा हात फार देखणा होता. लांब बोटं, स्वच्छ कापलेली नखं, मनगट बारीक पण पक्कं. आमच्या घराण्याची शाखा शुक्ल यजुर्वेदाची, आणि या शाखेत मंत्र नुसता तोंडाने म्हणून भागत नाही, त्याचे स्वर हातानेही दाखवावे लागतात. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, मध्येच तो बाजूला वळतो, बोटं मिटतात आणि उघडतात. पहाटे अण्णा देवघरात म्हणायला बसले की मी अंथरुणात पडल्या पडल्या तो हात बघत राहायची. असा हात काशीतल्या आख्ख्या मंगला गौरीच्या गल्लीत दुसऱ्या कुणाचा नाही असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. त्याच हाताने ते आईला मारत.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण वडिलांच्या मारझोडीला कडक शिस्त म्हणून खपवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. शिस्तीच्या माणसाला मारायला कारण लागतं. अण्णा वरणात मीठ कमी पडलं म्हणून मारत, आणि वरण जमलं त्या दिवशी भात मऊ झाला म्हणून मारत. पाठशाळेत ते मुलांना शिकवायचे. तिथे निदान छडी ठरलेली होती. स्वर चुकला की जो हात चुकला त्याच्यावर. घरी हाताशी येईल ते चाले, पाट, फुंकणी, लाटणं. एकदा पोळपाट आईच्या डाव्या कानशिलावर बसला आणि त्या कानाने तिला पुढे ऐकू येईनासं झालं. तेव्हापासून मी तिच्या उजव्या बाजूला बसून बोलायला शिकले, आणि मग ती सवय इतकी अंगवळणी पडली की आजही मी कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असलं तर आधी उजवीकडे सरकते. माझी नात हसते.

घर म्हणजे तळमजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या, मध्ये चौक, चौकाच्या एका अंगाला देवघर आणि स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला जिन्याखालची एक अंधारी खोली. चौकात ऊन यायचं ते दुपारी थोडा वेळ, आणि तेवढ्यात कुरडया, ओली लुगडी आणि आम्ही दोघी, सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं. पहाटे वरच्या मशिदीतली अजान, मग गंगेच्या पंचगंगा घाटावर स्नानाला निघालेल्यांच्या खडावा, मग देवळातल्या घंटा, मग घाटावर मल्लाहांची, म्हणजे नावाड्यांची, भांडणं. एवढ्या गलक्यात आमच्या घरातले आवाज बाहेर कुणाला ऐकू जात नसतील असं मला लहानपणी वाटे. जात होते. वरच्या मजल्यावर मिसिराइन चाची राहायची, फुलांचे हार करून विकणारी विधवा बाई, तिला तर एकूणएक ऐकू जायचं. सकाळी आई डोळ्याखाली काळंनिळं घेऊन नळावर आली की चाची विचारायची, "का भयल, दुलहिन?" आणि आई म्हणायची, "सीढ़ी पर काई थी चाची, फिसल गई." पंचगंगेच्या पायऱ्या खरोखरच उभ्या आणि शेवाळलेल्या, त्यामुळे हे कारण सोयीचं होतं. गल्लीतल्या बऱ्याच बायका अधूनमधून त्या पायऱ्यांवरून घसरत असत. पुरुष मात्र कधी घसरले नाहीत, आणि रोज पहाटे अंधारात उतरायचे ते तेच.

महिन्यातले चार दिवस मात्र आईला मार बसत नसे. त्या दिवसांत ती बाहेरची असायची. घोंगडी, तांब्या आणि ताट घेऊन ती जिन्याखालच्या खोलीत बसायची, आणि अण्णांसारख्या कर्मठ माणसाला तिची सावलीही चालत नसे, मग हात लावायचा कुठून. चौकाच्या पलीकडे उभं राहून ते शिव्या द्यायचे. क्वचित एखादा तांब्या भिरकावायचे. फेकलेल्या वस्तूमधून विटाळ येत नाही हा शोध त्यांचा स्वतःचा. पण अंगाला हात नाही. माझी खरी आई मला भेटली ती त्या खोलीत. एरवी स्वयंपाकघरात ओल्या लुगड्यात वावरणारी, प्रत्येक पावलाला कानोसा घेणारी ती बाई तिथे पाय लांब करून बसायची, भिंतीला डोकं टेकायची, मिरजेच्या गोष्टी सांगायची. त्या चार दिवसांत स्वयंपाक आणि देवाचं सगळं माझ्याकडे यायचं, आणि ओघाने मारही. मला धड काही करता येत नव्हतं. वरण लागायचं, पोळ्या फुगायच्या नाहीत. एकदा भरलेलं ताट माझ्या तोंडावर आलं आणि कढत आमटीने गळा भाजला. अशा वेळी आई खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. तिने उंबरा ओलांडून मला शिवलं असतं तर सगळा स्वयंपाक बाटला असता आणि मग आम्हा दोघींची धडगत नव्हती. ती उंबऱ्याची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहायची. मला तिचा राग यायचा. खोटं कशाला सांगू, अण्णांपेक्षा जास्त यायचा.

त्या खोलीत आईच्या सोबतीला आणखी एक वस्तू होती. मोडका पाळणा, गणपतीचं मखर आणि फुटक्या बरण्या यांच्यामागे एक सायकल पडली होती. आईचे वडील, आबा, यांचं मिरजेला स्टेशनजवळ सायकलचं दुकान. काशीयात्रेला आलेले असताना त्यांना अण्णांचं स्थळ कळलं आणि काशीला मुलगी द्यायला मिळते याच आनंदात त्यांनी लग्न ठरवून टाकलं. पाठवणीच्या वेळी त्यांनी स्वतः जोडलेली एक सायकल रेल्वेच्या लगेजमधून काशीला धाडली, आणि आईच्या ट्रंकेत एका लुगड्याच्या फडक्यात हातोडी, दोन पाने आणि आरे कसायची चावी बांधून दिली. पहिल्याच वर्षी एका सकाळी आई ती सायकल खांद्यावर घेऊन गल्ल्या ओलांडून मैदागिनच्या मोठ्या रस्त्यावर गेली आणि एक चक्कर मारून आली. अण्णांनी सायकल घाटावर नेली आणि पायऱ्यांवरून खाली ढकलून दिली. मल्लाहांनी ती परत आणून दारात ठेवली. त्यानंतर आई पायऱ्यांवरून पहिल्यांदा घसरली.

मी हायस्कूलच्या, म्हणजे दहावीच्या, वर्षाला होते तेव्हा थंडीत एके दिवशी जेवताना अण्णा म्हणाले, "ही परीक्षा झाली की पुरे. कॉलेज पार शहराच्या त्या टोकाला. कोण नेणार, कोण आणणार? बाजारातून एकटी पोर चालत जाणार नाही. नाशिकचं एक स्थळ आहे, आषाढाच्या आत उरकून टाकू." आई वाढत होती. तिने त्यांच्या भातावर तूप वाढलं, मीठ वाढलं. मला पुढे शिकायचं होतं. का शिकायचं होतं याची थोर कारणं मला तेव्हा ठाऊक नव्हती. मला फक्त एवढं कळत होतं की नाशिकलाही एक घर असेल, आणि त्या घरात एक पोळपाट असेल.

पुढच्या खेपेला आई बाहेरची बसली तेव्हा दुपारी तिने मला खुणेने बोलावलं. अण्णा पाठशाळेत गेले होते. तिने मखर बाजूला करून सायकल भिंतीपाशी उभी केली होती. पुढचं चाक पिळवटलेलं, चेन गंजून काठीसारखी ताठ, मडगार्डमध्ये उंदरांनी चिंध्या भरलेल्या.

"चालत जायचं नाही म्हणाले ना?" आई म्हणाली. "मग चालत नको जाऊस की."

"आई, ही चालायची नाही आता."

"चालेल. पण आधी सगळी उघडायची. वरवर तेल घालून काढलीस तर रस्त्यात बसशील रडत."

"तुला शिवावं लागेल मला. संध्याकाळचा दिवा मी लावायचा आहे."

"शिवलीस तर शिवलीस. नळ आहे ना दारात." मग पौषाच्या थंडीत मी रोज दुपारी तिच्या शेजारी बसायची आणि अण्णा यायच्या आत नळाखाली डोक्यावरून गार पाणी घेऊन कुडकुडत सोवळी व्हायची. मला तापही आला एकदा. अण्णांना वाटलं पोरीला धर्माची गोडी लागली. त्या महिन्यात त्यांनी माझं कौतुक केलं, आयुष्यात एकदाच.

अण्णांचाच नियम आमचा पहारेकरी होता. त्या खोलीकडे ते ढुंकून बघत नसत, आणि आत एक बाई सायकल सुटी करते आहे हे त्यांच्या कल्पनेतही येण्यासारखं नव्हतं. स्टोव्हसाठी घरात रॉकेल असायचंच, त्यामुळे रॉकेलच्या वासाचा संशय नव्हता. गंजलेल्या प्रत्येक नटावर आई रॉकेलचे थेंब सोडायची आणि म्हणायची, आता त्याला पिऊ दे. मग आम्ही वाट बघायचो, आणि वाट बघताना ती बोलायची. आबा तिला दुकानात फळीवर बसवत, शाळेतून आली की पंक्चर काढायला देत, सांगलीहून येणारे दूधवाले मुद्दाम तिच्याकडून चाकं सरळ करून घेत. तिचे हात बोलताना आपोआप चालत. मी तिला कधी एवढं भराभर बोलताना ऐकलं नव्हतं.

डाव्या पॅडलवर मी एक अख्खी दुपार घालवली. जीव खाऊन पाना फिरवला, तळहाताला फोड आला आणि ते आणखीच घट्ट बसलं. आई बघत होती. शेवटी म्हणाली, "डाव्याचे आटे उलटे असतात. आता जन्मात विसरणार नाहीस." मी पाना आपटला आणि नळावर निघून गेले. पण खरंच विसरले नाही. सगळ्यात अवघड होती कॉटर पिन. पॅडलचा दांडा आसाला जखडून ठेवणारी ती बोटभर पोलादी खुंटी. ती निघाल्याशिवाय मधला भाग उघडत नाही. मी हातोडीने भीत भीत टुकटुक करू लागले तेव्हा आईने माझ्या हातातून हातोडी काढून घेतली.

"अशी गोंजारत बसलीस तर वाकेल, आणि वाकली की निघायची नाही," ती म्हणाली. "खालून लोखंडाचा टेका द्यायचा. नेम धरायचा. आणि एकच घाव घालायचा, पुरता. दुसरा घालायची पाळी आली तर समज चुकलं." तिने खलबत्त्यातला खल दांड्याखाली टेकवला, पदर खोचला, आणि मारला. कट्टकन कोरडा आवाज झाला आणि पिन निघून लांब जाऊन पडली. वरून चाचीने जिन्यात येऊन विचारलं, काय झालं. आई म्हणाली, "कुछ नहीं चाची, सुपारी फोड़ रही थी." चाची खाली आली, सायकल बघितली आणि तोंडाला पदर लावून हसत बसली. त्या दिवसापासून ती आमच्यात सामील झाली. नवे टायर-ट्यूब तिनेच आणले, झेंडूच्या टोपलीत फुलांखाली लपवून, आणि अण्णांनी दारात तिला विचारलंही, "बहुत भारी टोकरी है आज?"

महिन्यामागून महिने असे त्या चार-चार दिवसांत काम चाललं. आई कधी एखादा दिवस वाढवून सांगायची. पुढच्या चाकाचे आरे एकेक करून कसत तिने त्याचा बाक काढला. चाक फिरवायची, खडूचा तुकडा कडेला धरायची, जिथे खडू लागेल तिथे चावी फिरवायची. चाकाला धरणारा चिमटा किंचित वाकडा राहिला तो राहिलाच, आणि त्यामुळे ती सायकल अखेरपर्यंत डावीकडे ओढत राहिली. उन्हाळ्यात माझी परीक्षा झाली. नाशिकच्या लोकांना बघायला यायचं निमंत्रण गेलं. आता चाकांच्या आणि पॅडलच्या आत छर्रे बसवायचे तेवढे उरले होते. हे बारीक पोलादी गोळे रॉकेलमध्ये धुऊन लोणच्याच्या बरणीत ठेवले होते, आणि ते बसवायला ग्रीस लागतं. ग्रीस चाची आणणार होती, पण ती भाचीच्या लग्नाला जौनपूरला गेली. आईचे दिवस संपले, ती सोवळ्यात स्वयंपाकघरात परतली. जाताना मला म्हणाली, "ग्रीस येईपर्यंत हात लावू नकोस."

मला दम नव्हता. घरात वंगणासारखी एकच गोष्ट होती, आणि ती भरपूर होती. देवासमोर अखंड दिवा असायचा, त्याच्या तुपाचा डबा देवघरात. दिव्यात तूप घालायचं काम माझं. दुपारी आई निजली की मी वाटीभर तूप घेऊन जिन्याखाली जायची आणि आईने दाखवलं होतं त्याप्रमाणे छर्रे एकेक करून त्या तुपात बसवायची. सगळी सायकल मी जोडली, दोन्ही बाजूंच्या कॉटर पिनांसकट, एकेका घावात. चाकं उचलून फिरवली तर आवाज नाही. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी आईलाही सांगितलं नाही. म्हटलं, पुढच्या खेपेला ती बसेल तेव्हा एकदम बघेल. सायकलच्या दुकानात वाढलेल्या पोरीने हे केलं नसतं आणि वाण्याच्या पोरीनेही नसतं. देवाच्या तुपाने जगातलं सगळं सुरळीत चालतं असं वाटायला भिक्षुकाच्याच घरात जन्म घ्यावा लागतो.

ज्येष्ठातल्या काशीतली गरमी ज्यांनी सोसली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, वाहू लागली, आणि त्या बंद खोलीत तूप पातळ होऊन चाकांच्या आसांतून फरशीवर ठिबकायला लागलं. आई बाहेरची बसली त्या सकाळी तिने वास घेतला, बोट लावून बघितलं आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. पण तोवर मुंग्या आल्या होत्या. देवघराच्या पायरीवरून चौक ओलांडून जिन्याखाली अशी लालबुंद रांग लागली होती. अण्णा मुकटा, म्हणजे सोवळ्याचं रेशमी वस्त्र, नेसून घाटावरच्या एका अनुष्ठानाला निघाले होते. पायरीवर पाऊल टाकताना त्यांना रांग दिसली. नैवेद्याला मुंग्या लागल्या म्हणून ते माझ्यावर ओरडले, आणि मग खाली वाकून त्या रांगेच्या कडेकडेने चालत जिन्याखालच्या खोलीपर्यंत आले.

"तू बाजूला हो," ते लांबूनच आईला म्हणाले. आई कोपऱ्यात सरकली. "सुधा, आत काय आहे ते बाहेर काढ."

मी सायकल चौकात आणली. उजेडात ती चमकत होती, आणि दोन्ही चाकांच्या मधोमध मुंग्यांचे गोळे होते. अण्णांनी बोट लावून वास घेतला. "देवाचं तूप," ते म्हणाले, अगदी हळू. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातला लोखंडी बत्ता उचलला आणि पुढच्या चाकावर घातला. आरे तुटून उडाले. दुसरा घाव सायकलच्या दिव्यावर, तिसरा मागच्या चाकावर. मी मध्ये गेले. कशाला गेले कोण जाणे, बत्त्यापुढे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं काय चालणार. बत्ता माझ्या खांद्यावर बसला आणि हात लोंबायला लागला. मग त्यांनी माझी वेणी धरली आणि तोंड सायकलच्या हँडलवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. माझी भुवई फाटली, पुढचा दात तुटून जिभेवर आला. डोळ्यांत रक्त उतरल्यामुळे मला सगळं लाल दिसत होतं, आणि त्या लालीत मला आई दिसली. उंबऱ्यावर, चौकट धरून.

मग तिने चौकट सोडली. चौक ओलांडून ती आली आणि तिने मागून अण्णांना दोन्ही हातांनी मिठी मारली.

"शिवले मी तुम्हाला," ती म्हणाली. "आता सोडा तिला."

त्यांनी मला सोडलं. नुसते उभे राहिले. मुकट्यात, अनुष्ठानाला निघालेले, आणि बाहेरच्या बाईने कवेत धरलेले. क्षणभर मला वाटलं ते रडतील. मग ते वळले आणि त्यांनी मुठीने आईच्या तोंडावर मारलं, त्या चार दिवसांत कधी मारलं नव्हतं ते. आई खोलीच्या दारात जाऊन पडली. म्हणजे तोही नियम गेला. आता महिन्यातला एकही दिवस उरला नाही, हे मला तिथे रक्त गिळत बसल्या बसल्या स्पष्ट कळलं. अण्णांनी सायकलकडे मोर्चा वळवला. घाटावर नेऊन ती पुन्हा खाली टाकायचं त्यांच्या मनात असावं, कारण त्यांनी बत्ता ठेवला आणि उजव्या हाताने मधला दांडा घट्ट पकडला.

आई उठली होती. पदर खोचलेला होता. ती कधी आली ते त्यांना कळलंच नाही, आणि मला कळूनही मी बोलले नाही. खाली लोखंडाचा दांडा, वर मनगट. तिने नेम धरला आणि आबांची हातोडी एकदाच घातली. तोच आवाज झाला, कट्टकन, कोरडा.

अण्णा ओरडले नाहीत. मनगटाच्या जागी भलतंच काहीतरी होतं, एक हाड कातडीखालून वर आलं होतं, त्याकडे ते बघत राहिले. आई हातोडी धरून उभी होती. दुसरा घाव घालायची पाळी आली असती तर तिने घातला असता, हे त्यांनाही दिसलं असणार. ते मला म्हणाले, "विटाळ झालाय. सचैल स्नान केलं पाहिजे." आणि तो लोंबता हात दुसऱ्या हातात धरून, वैद्याकडे नाही, डॉक्टरकडे नाही, भर उन्हात पंचगंगेच्या पायऱ्या उतरून गेले. तिथे त्यांनी नेसत्या वस्त्रानिशी बुडी मारली. नंतर मल्लाहांनीच त्यांना नावेत घालून दवाखान्यात नेलं.

आईने माझी भुवई हळद दाबून बांधली. सोवळं-ओवळं कुणाला आठवलं नाही. "तूप घालतात होय छर्ऱ्यांत?" ती म्हणाली. वरचा ओठ सुजल्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. "तुझे आजोबा असते तर दुकानातून हाकलून दिलं असतं." मग ती रडायला लागली आणि मीही.

मार त्या दिवशी कायमचा थांबला असं लिहायला मला आवडलं असतं. प्लास्टर असतानाच अण्णांनी एकदा डावा हात उगारला. आईने काही केलं नाही, फक्त फळीवरच्या मसाल्याच्या डब्याशेजारची हातोडी उचलून चुलीपाशी ठेवली आणि पोळ्या लाटत राहिली. हात खाली गेला. ती हातोडी आई जाईपर्यंत त्याच फळीवर होती, आता माझ्या घरी आहे. माझा खांदा अजून वर जात नाही; वेणी घालायची सोडली ती तेव्हापासून. अण्णांचं मनगट वाकडंच जुळलं. स्वर चढला की हात अर्ध्यावर थांबायचा, बाजूला वळायचाच नाही. पाठशाळेने हळूहळू मोठे विद्यार्थी त्यांच्याकडून काढून घेतले. पुष्कळ वर्षांनी मणिकर्णिकेवर न्यायला त्यांना तिरडीवर बांधलं तेव्हाही तो हात अंगाशी सरळ राहीना, आणि बांधणारा माणूस कंटाळून म्हणाला, रहने दो. मला वाईट वाटलं. हाताचं वाटलं. इतका देखणा हात मी नंतर पाहिला नाही.

नाशिकची माणसं आलीच नाहीत. भुवई फाटलेली, दात पडलेली मुलगी कोण दाखवणार. आईने उघडपणे, चौकात बसून, कुणाची वाट न बघता चाकांना नवे आरे घातले आणि चाचीने जौनपूरहून आल्यावर आणलेलं ग्रीस भरलं. कॉलेज उघडलं त्या सकाळी मी सायकल चांगल्या खांद्यावर घेऊन दारात आले. गल्लीच्या पायऱ्या संपेपर्यंत ती उचलूनच न्यावी लागे. अण्णा गळ्यात हात अडकवून ओट्यावर बसले होते. चाची नळावर होती. आणखीही बायका होत्या, आणि चाचीने मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "का पंडितजी, हथवा में का भयल?"

आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, आईकडे बघितलं नाही.

"सीढ़ी पर काई थी," ते म्हणाले. "फिसल गया."

नळावर कुणी हसलं नाही. एकीने घागर पुढे सरकवली, दुसरीने पदर सावरला. चाचीने मान हलवली, तिच्या तोंडून आजवर कितीतरी वेळा ऐकलेल्या काळजीच्या सुरात म्हणाली, "सँभल के उतरा करिए, पंडितजी," आणि मला वाट द्यायला तिने बादली बाजूला घेतली.